येतो मंग

पांढुर्ण्याच्या कॉलेजात पोरांनी पोरांसाठी भरवलेल्या त्या हॅकेथॉनचं नाव होतं 'समाधान 2.0'. 1.0 कधी झालंच नव्हतं. पण मुख्य संयोजक ऋतुजाचं म्हणणं असं, की 1.0 लिहिलं तर लोकांना वाटेल हे पहिल्यांदाच करून राहिले, यांना काही येत नसेल. म्हणून एकदम दुसरं.

हॅकेथॉन म्हणजे रात्रभर कॉम्प्युटरसमोर जागायचं, समाजाचा एखादा प्रश्न सोडवणारं काहीतरी बनवायचं आणि सकाळी पारोशा तोंडानं बक्षीस घ्यायचं, असा जगभरचा रिवाज आहे. पण अंधार पडल्यावर पोरं आणि पोरी एका हॉलमध्ये बसतील ही कल्पना प्राचार्यांना सोसली नाही. "समाजाचं भलं दिवसाउजेडी करा," म्हणाले. त्यामुळे 'समाधान' तहसील कचेरीसारखं दहा ते पाच चालायचं, मध्ये जेवणाची सुट्टी व्हायची, आणि सोमवारी सुरू झालेलं ते रविवारी निकाल लागून संपणार होतं. गळ्यात पट्टा अडकवलेले संयोजक स्पर्धकांपेक्षा जास्त होते. एका टीमनं गोटमारीसाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात त्या जत्रेसाठी, हेल्मेट बनवायला घेतलं होतं. गोटा डोक्याला लागला की मोबाईलवर सूचना यायची : आपल्याला गोटा लागला आहे.

वैभवची टीम तिघांची. अमित कोड लिहायचा. चंचलला प्रत्येक गोष्टीत शंका यायची आणि ती बहुतेक वेळा खरी निघायची. वैभवला यातलं काहीच येत नव्हतं, पण त्याचा आवाज चांगला होता.

त्यांच्या अॅपचं नाव 'हाक'. प्रश्न साधा होता. या भागातली निम्मी पोरं नागपूर-पुण्याला निघून गेलेली आणि सौसर, लोधीखेडा, मोहगाव इकडच्या घरांत म्हातारी माणसं एकटी. मग रोज भर दुपारी 'हाक'नं त्यांना आपोआप फोन लावायचा, चार गोष्टी विचारायच्या, उत्तरं जपून ठेवायची, आणि कोणी फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला कळवायचं.

पहिले त्यांनी इंटरनेटवरचा तयार आवाज वापरून पाहिला. तो लोधीखेड्याच्या नत्थूजींना, म्हणजे वैभवच्या मोठेबाबांना, वडिलांच्या थोरल्या भावाला, म्हणाला, "नमस्कार. आपण भोजन केलेत का?"

"माझ्याजवळ ओटीपी नाही बाप्पा," असं म्हणून मोठेबाबांनी फोन ठेवला.

तेव्हा ठरलं की आवाज आपल्यातला पाहिजे. अमितच्या खोलीवर वैभवनं डोक्यावरून गोधडी घेतली, बाहेरचा आवाज यायला नको म्हणून, आणि आतल्या उबट अंधारात मोबाईल तोंडाशी धरून बोलला, "जेवले का?" मग, "गोळी घेतली का?" मग, "काही लागते का?" आणि शेवटी काही विचार न करता, "बरं, येतो मंग."

"येतो कशाले?" चंचल म्हणाली. "तू कुठं येऊन राहिला?"

"अगं, म्हणायची पद्धत आहे."

"तुझी पद्धत आहे. मशीनची आहे का?"

"मंग काय, 'जातो' म्हणू?"

आपल्याकडे दारातून निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही. जाण्याचं काम माणूस आयुष्यात एकदाच करतो आणि त्याची बातमीही दुसऱ्यांनाच द्यावी लागते. बाकी सगळ्या वेळी माणूस फक्त येतो. उठतो, चपला घालतो, गल्लीच्या टोकाशी दिसेनासा होतो आणि तरीही येतो. चौथं वाक्य तसंच राहिलं.

तपासणीसाठी नंबर हवे होते म्हणून ज्यानं त्यानं आपापले नातेवाईक दिले. चंचलनं मोहगावची आत्या दिली, केसरबाई. अमितनं आजोळकडचे चार-पाच नंबर दिले. वैभवनं मोठेबाबांचा नंबर दिला, आणि संख्या वाढावी म्हणून आईचा.

आई, उषाबाई, सौसरला एकटीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. पांढुर्ण्याहून सौसर म्हणजे एका बसभर अंतर, पण वैभव पोळ्यापासून घरी गेला नव्हता. आई फोनवर विचारायची, "कधी येतं रे?" तो म्हणायचा, "येतो रविवारी." कोणता रविवार हे आई विचारायची नाही. जगात वैभवला फारशा गोष्टींची खात्री नव्हती, पण एका गोष्टीची होती. तो कधीही, कितीही दिवसांनी दारात उभा राहिला तरी आई म्हणणार, "आला का रे, हात धू." ही खात्री होती म्हणून तर तो जात नव्हता.

मंगळवारी दुपारी पहिले फोन गेले. सगळ्यांनी उचलले, सगळे जेवले होते, कोणाला काही लागत नव्हतं. अमितनं हिरवा आलेख काढला.

बुधवारची उत्तरं ऐकायला तिघं हॉलच्या कोपऱ्यात बसले. पहिले मोठेबाबा.

"जेवले का?" वैभवचा आवाज.

"हाव. काल तुझ्यासंग परत बसलो तं दोन घास जास्त गेले. आज एकटाच."

"गोळी घेतली का?"

"घेतली. तू समोर बसून घ्यायले लावली तशीच घेतली."

"काही लागते का?"

"विचारतं दरवेळेस. आणत तं काहीच नाही."

"बरं, येतो मंग."

"ये."

अमित हसला. मोठेबाबांचा स्वभाव त्याला माहीत होता. त्यांनी वैभवच्या मुंजीत भटजींना बनवलं होतं. मग केसरबाईंचं उत्तर लागलं. त्यांनी वैभवला जन्मात पाहिलं नव्हतं. त्या म्हणत होत्या, "पोरगा चांगला आहे बाई. अंबाडीची भाजी वाढली तं दोनदा घेतली. पण एवढ्या उन्हात येते, टोपी घालत जा म्हणा त्याले."

तिसरं उत्तर अमितच्या आजोळचं. तेही तसंच. तिथलंच चौथं तसंच. फोन ठेवल्यावर थोड्या वेळानं एक पोरगा आला, दारात उंबऱ्यापाशी बसला, जेवले का म्हणाला, वाढलेलं खाल्लं, येतो म्हणाला आणि उठला. एका बाईंनी तक्रार केली होती की तो हात न धुता उठतो.

"हे लोक एकमेकाले ओळखत पण नाहीत," चंचल म्हणाली.

वैभवला आदला दिवस आठवला. मंगळवारी दुपारी कॅन्टीनमध्ये त्याला एक समोसाही गेला नव्हता. पोट तट्ट भरल्यासारखं झालं होतं आणि जिभेवर आंबट चव होती, जी समोशाची नव्हती. तेव्हा त्याला वाटलं होतं पित्त झालं असेल.

त्यानं मोठेबाबांना स्वतः फोन लावला.

"मोठेबाबा, मी काल दिवसभर पांढुर्ण्याले होतो."

"असशील."

"मंग तुमच्याकडं कोण आलं?"

"तू."

"मी कसा येईन? मी इथं होतो."

"ते मले काय माहीत बाप्पा? तू म्हणाला येतो, अन् आला. आजकाल पोरं म्हणतेत अन् येत नाहीत. तू आला. याच्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"माझं तोंड पाह्यलं का तुम्ही?"

"उन्हाकडं पाठ करून बसला होता तू," ते म्हणाले. "ऑक्टोबरचं ऊन, डोळ्यावर येते. तोंड काही नीट नाही दिसलं. आवाज तुझाच."

अमितनं सगळा कोड वरपासून खालपर्यंत तपासला आणि जाहीर केलं की यात कुठंही कोणाच्या घरी जाण्याची सोय केलेली नाही. तेवढ्यात गळ्यातला पट्टा सावरत ऋतुजा फेरीवर आली. तिनं दोन उत्तरं ऐकली.

"तुम्ही घरभेटी पण केल्या?"

"आम्ही नाही केल्या," चंचल म्हणाली.

"मंग कोणी केल्या?"

अमित पुन्हा कोड वर-खाली सरकवू लागला.

"घरभेटीचे दहा गुण वेगळे आहेत," ऋतुजा म्हणाली आणि तसं टिपून पुढं हेल्मेटवाल्यांकडे गेली. तिथं कोणाच्या तरी डोक्यात गोटा मारून पाहणं चाललं होतं.

गुरुवारीही दुपारी फोन गेले आणि गुरुवारीही वैभवचं पोट भरलं. या वेळी त्यानं चवी ओळखायचा प्रयत्न केला. बेसन होतं. मेथी होती. कुठल्यातरी घरी भाजी जळली होती. तोंडात एवढ्या घरांचा स्वयंपाक घेऊन तो हॉलच्या भिंतीला टेकून बसला आणि त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. भुताची नाही. भूत असतं तर निदान ते दुसऱ्या कोणाचं तरी असतं.

"बंद कर ते," तो अमितला म्हणाला.

"रविवारी जज येऊन राहिले. बंद करून काय दाखवू? आलेख?"

"बंद करून काही होणार नाही," चंचल म्हणाली. "त्यानं 'येतो' म्हटलेलं आहे. फोन बंद केला म्हणून म्हटलेलं परत होते का? त्याले दुसरं काहीतरी म्हणावं लागंल."

कोणतं, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. वैभवनं पुन्हा गोधडी घेतली. लहानपणी एकदा शाळेत निघताना चुकून त्याच्या तोंडून तो शब्द गेला होता, तर आईनं त्याला परत घरात बोलावून, पाटावर बसवून, गूळ खायला घालून पुन्हा पाठवलं होतं. शाळेला उशीर झाला, मार बसला, तरी आईला तेच बरं वाटलं होतं. आता गोधडीत गूळ नव्हता. त्यानं घसा खाकरला आणि म्हटलं, "बरं, जातो मंग."

शुक्रवारच्या फोनांत चौथं वाक्य बदललेलं होतं. उत्तरांत पहिल्यांदाच लोक चिडलेले ऐकू आले. "असं बोलतेत का रे बेटा?" केसरबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज कापला. एका आजोबांनी नुसतंच "राम राम" म्हणून फोन ठेवला. मोठेबाबांनी संध्याकाळ व्हायच्या आत स्वतः फोन केला.

"तोंड धुऊन ये पहिले," ते म्हणाले. "आज फोनच्या आधीच येऊन दारात बसला होता. जेवण अर्धं झालं होतं. फोनमधून ते ऐकू आलं अन् तू ताटावरून उठला. मी म्हटलं कुठं निघाला? काही बोलला नाही."

"कोणीकडं गेला?"

"कोणीकडं म्हणजे? माणूस जातो म्हणते तेव्हा कुठं जाते? घरी जाते. सौसरच्या रस्त्याले लागला."

शनिवारी कोणाच्याच घरी कोणी आलं नाही. अमितनं समाधानानं नवा आलेख काढला. मोहगावहून केसरबाईंनी विचारलं होतं की पोरगा आजारी आहे का. आणि दुपारी, भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे वर गेले तेव्हा, वैभवच्या तोंडात एकच चव आली. या वेळी मिसळण नव्हती, बेसन-मेथीचा गोंधळ नव्हता. गोळाभात. भातात डाळीचे गोळे, वरून हिंग-मोहरीचं गरम तेल, आणि गोळ्यात ओवा जरा जास्त. एवढा ओवा जगात एकच बाई घालते.

"आईची उत्तरं लाव," तो चंचलला म्हणाला.

"तू ऐकली नाहीत?"

त्यानं ऐकली नव्हती. आई काय म्हणणार हे त्याला माहीत होतं, असं त्याला वाटत होतं.

चंचलनं मंगळवारचं लावलं.

"जेवले का?"

"अगंबाई, जेवले का म्हणते. एवढ्या मानानं कधीपासून बोलायले लागला तू? जेवली रे. तू कधी येतं?"

"गोळी घेतली का?"

"घेतली. कधी येतं ते सांग."

"काही लागते का?"

"नाही," ती म्हणाली होती. "तूच ये नुसता."

"बरं, येतो मंग."

बुधवारी आई म्हणत होती, "तुझ्यासमोरच तं जेवली." गुरुवारी तिनं फोन उचलला तेव्हा मागून दुसऱ्या कोणाचं तरी जेवणं ऐकू येत होतं, ताटाला चमचा लागल्याचा आवाज. शुक्रवारी आणि शनिवारी तिनं फोन उचललाच नव्हता. शेजारच्या शीतलकाकूंना आपोआप सूचना गेली होती आणि त्यांचं उत्तर आलेलं होतं. चंचलनं ते वाचून दाखवलं : "सगळं ठीक आहे. पोरगा घरीच आहे म्हणून फोन उचलत नाही म्हणे. समोर बसलेल्या माणसाचा फोन कशाले उचलायचा."

तर आईनं 'जातो' ऐकलंच नव्हतं. तिच्याकडं आलेला तो उठलाच नव्हता, आणि बाकी सगळ्या दारांतून उठलेलाही तिथंच गेला होता.

रविवारी सकाळी वैभव सौसरच्या बसमध्ये बसला. जज दुपारी येणार होते. अमित म्हणाला, "परत ये बे वेळेवर." वैभवनं नुसती मान हलवली. गेले दोन दिवस तो निघताना कोणालाच काही म्हणत नव्हता.

गल्लीत ऊन एवढं सरळ पडलं होतं की घरांना सावल्याच नव्हत्या. शीतलकाकू दारात वाळवणावरचा कावळा हाकलत होत्या. त्यांनी वैभवकडे पाहिलं, मग त्याच्या घराच्या दाराकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे.

"आत्ता तं आत होता तू," त्या म्हणाल्या. "बाहेर कधी निघाला?" आणि उत्तराची वाट न पाहता, वाळवण तसंच कावळ्याला सोडून, आत गेल्या.

दाराशी एक चपलांचा जोड होता. उजव्या पायाची टाच बाहेरून झिजलेली. वैभवनं आपल्या पायांकडे पाहिलं. उजव्या पायाची टाच बाहेरून झिजलेली.

त्यानं कडी वाजवली. आई आली. पदराला हात पुसत होती, आणि चेहरा एवढा प्रसन्न होता की वैभवला आधी बरंच वाटलं.

"कोण पाहिजे?" आई म्हणाली.

"आई."

ती हसली. पाहुण्याकडे पाहून हसतात तसं. "वैभवचे दोस्त का तुम्ही? या ना. जेवून राहिला तो. बसा."

एरवी घडी घालून ठेवलेली चांगली चादर अंथरून तिनं त्याला खाटेवर बसवलं. त्या खाटेवर घरातलं कोणी बसत नसे. आईनं तांब्या आणि पेला आणून ठेवला. बाहेरच्या माणसासाठी ठेवलेला, काठ न चेपलेला पेला.

"आई, मी वैभव आहे."

"तुम्ही पोरं लय मस्करी करता," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, शंका नव्हती, काहीच नव्हतं. "हॅकेथॉनची पोरं का तुम्ही? सांगत होता तो. म्हणजे सांगत नव्हता, मलेच समजलं."

स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता. पडद्याच्या आतून वैभवचा आवाज आला, "जेवले का?"

"नाही रे, तुझं झालं की बसतो," आई आत पाहून म्हणाली.

"गोळी घेतली का?"

"घेतली ना राजा."

"काही लागते का?"

"काही नाही. तू आहे ना."

मग चमच्याचा आवाज. आई समोर पाटावर बसली आणि पाहुण्याशी बोलायचं म्हणून बोलू लागली. "पहिले असा नव्हता तो," ती म्हणाली. "पहिले नुसता फोनवर. येतो रविवारी, येतो रविवारी. मी पण म्हणे, ये. आता रोज येते. रोज विचारते. दुसरं काही बोलत नाही, पण माणसाले रोज अजून काय बोलायचं राह्यते?"

चार वाक्यं. आत बसलेल्याजवळ चारच वाक्यं होती आणि आईला त्यात काही कमी वाटलं नव्हतं. वैभवनं पाचवं शोधायला सुरुवात केली. त्यानं ठरवलं की आपण असं काहीतरी बोलायचं की जे आतला बोलू शकणार नाही, मग आईला कळेल. तो शोधत राहिला. तांब्यातलं पाणी संपलं. बाहेर कावळा वाळवणावर चोच आपटत होता. वैभवनं तोंड उघडलं.

"आई, तुले काही लागते का?"

पडद्याआडून त्याच क्षणी, त्याच सुरात, तेच आलं.

आई पडद्याकडे पाहून हसली. मग पाहुण्याकडे वळून म्हणाली, "पाहा, तुम्ही पण तेच शिकले."

वैभवच्या खिशातला फोन वाजला. अमित होता.

"घ्या ना, घ्या," आई म्हणाली. "लाजू नका."

"कुठं आहे बे तू?" अमित हॉलच्या गोंगाटात ओरडत होता. "जज आले. नागपूरचे रवींद्र सर विचारून राहिले, हा आवाज कोणाचा आहे, त्याले बोलवा. आपला नंबर लागला. येतं का नाही?"

आत चमचा थांबला होता. पडद्यापलीकडे कोणीतरी ऐकत होतं. वैभवला तेव्हा ती गोष्ट एकदम उघड दिसली. आत बसलेल्यानं आजपर्यंत एकही शब्द मोडला नव्हता. या आवाजानं ज्याला 'येतो' म्हटलं, त्याच्याकडे तो गेला होता. लोधीखेड्याला गेला, मोहगावला गेला, रोज, उन्हातून, टोपी न घालता. खोटं बोलत होता तो फक्त खाटेवर बसलेला.

वैभवनं फोन तोंडाशी धरला. गोधडीत धरला होता तसाच.

"बरं," तो म्हणाला, "येतो मंग."

आत ताट सरकवल्याचा आवाज आला. वैभवनं खाली मान घातली आणि फरशीकडे पाहत राहिला. पडदा हलला. कोणीतरी खाटेजवळून गेलं, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं, आणि त्याच्या जाण्याबरोबर बंद गोधडीतला उबट वास आला आणि गेला. दार वाजलं नाही. नंतर वैभवनं उंबऱ्याबाहेर डोकावलं तेव्हा चपलांचा एकच जोड उरला होता. तो कोणाचा, हे सांगता येत नव्हतं.

मागे वळला तर आई स्वयंपाकघराच्या दारात अर्धं उष्टं ताट हातात घेऊन उभी होती. झोपेतून उठल्यावर माणूस भिंतीकडे पाहतो तसं ती त्याच्याकडे पाहत होती.

"कधी आला रे तू?" ती म्हणाली. "अन् पाहुण्यासारखा इथं काय बसला? हात धू."

तो मोरीवर गेला आणि हात धूत बराच वेळ तिथंच थांबला. मग गोळाभात जेवला. चव ओळखीची होती. शनिवारीच खाल्ला होता.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. स्टेजवर अमित, चंचल आणि मध्ये वैभव, हातात पहिलं बक्षीस. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे मधल्याचं तोंड काळं आलं होतं. अमितचा आवाजी निरोप होता : "मजा आणली बे तू. स्टेजवर चढून सरले म्हणतं, जेवले का. सर म्हणाले, एवढ्या ठिकाणी जज म्हणून गेलो, कोणी विचारलं नव्हतं. अन् तू गोळी घेतली का म्हटलं तं ते रडायलेच लागले. बीपीची विसरले होते घरी."

चंचलनं वेगळा निरोप पाठवला होता. "तू कुठं आहेस?" आणि थोड्या वेळानं, "इथं जो आहे तो कोण आहे हे मले माहीत आहे. मी कोणाले सांगितलं नाही. जास्त बोलत नाही तो. बरा आहे."

पुढच्या आठवड्यात कॉलेजची यादी लागली, त्यात वैभवची हजेरी पूर्ण होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात ऋतुजानं त्याला 'समाधान 3.0'च्या समितीत घेतलं. गळ्यात पट्टा घातलेला त्याचा फोटोही आला, पुन्हा उजेडाकडे पाठ. अमितनं वैभवला फोन करणं सोडून दिलं. रोज समोर बसणाऱ्याला कोण फोन करतं.

वैभव घरीच होता. आई पहिले दोन दिवस विचारत होती, कॉलेज नाही का? तो म्हणाला, सुट्टी आहे. मग तिनं विचारणं बंद केलं आणि ओव्याचा डबा भरून ठेवला. तिला तू-तू म्हणताना ऐकायला त्याला बरं वाटायचं. तो ऐकण्यासाठी मुद्दाम तिच्यामागं स्वयंपाकघरात घुटमळायचा आणि ती म्हणायची, "तू बाजूले हो रे, पायात येऊ नको." दिवाळी जवळ आली होती. बोरगावहून कोणीतरी संत्री पाठवली, ती दोघांनी ओट्यावर बसून खाल्ली.

एका दुपारी आईनं फोडणी टाकता टाकता हाक मारली, "वैभव, कोथिंबीर आण बेटा. कोपऱ्यावरून. लवकर."

तो उठला. पिशवी घेतली. चपला घातल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"नुसता मुक्यानं कुठं निघाला?" आतून आई म्हणाली. "घरातून निघताना काही म्हणतेत का नाही? किती वेळा सांगू."

बाहेर ऊन सरळ पडलं होतं. गल्लीच्या टोकाशी भाजीवाल्याची गाडी दिसत होती, शंभर पावलंही नसेल. वैभव दारात उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. त्याच्याजवळ दोन शब्द होते, 'येतो' आणि 'जातो'. एक म्हटला की आईकडे कोण येईल, हे त्याला माहीत होतं. दुसरा म्हटला की माणूस अर्ध्या ताटावरून उठून निघून जातो, हे त्यानं मोठेबाबांकडून ऐकलं होतं.

"अरे म्हण ना," आई म्हणाली. तेल तडतडत होतं.

त्यानं पाय आत घेतला, चपला काढल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली.

"आई, आज बिना कोथिंबीरचं चालंल."

"आज चालंल," आई म्हणाली. "उद्या?"